लाँग नेक युकुलेले आणि ३५ मिलिमीटरचा इतिहास

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. लोकलमध्ये, बसमध्ये ऐकताना अर्धं निसटतं अशी तुमची तक्रार असते, म्हणून. मी जिथे वाजवून दाखवलंय तिथे कंसात तसं लिहिलंय. तो आवाज मात्र भाग लावूनच ऐका, लिहून काही तो कळायचा नाही.

तर सुरुवात माझ्या करंगळीपासून. तीन वर्षांपूर्वी सोसायटीच्या मैदानात टेनिस बॉल क्रिकेट चालू होतं. डावीकडे सूर मारून झेल घ्यायला गेलो, झेल सुटला आणि डाव्या हाताची करंगळी मोडली. हाड जुळलं, पण ती करंगळी आता एका मर्यादेपलीकडे वाकतच नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हॉस्टेलवर बसून जी काही गिटार शिकलो होतो ती तिथेच थांबली. गिटार कपाटावर गेली, वर चादर टाकली. आजी म्हणाली, "काय रे, एवढं आवडीचं होतं, सोडून दिलंस?" मी म्हटलं, "बोट ऐकत नाही गं." ती म्हणाली, "मग लहान काहीतरी वाजव की."

लहान काहीतरी म्हणजे युकुलेले. चार तारा, नायलॉनच्या, मऊ. ऑनलाइन एक स्वस्तातलं सोप्रानो मागवलं. सोप्रानो म्हणजे सगळ्यात छोटा साइज, बाळासारखं कुशीत मावणारं. आवाज ऐकून पहिल्याच दिवशी प्रेमात पडलो. पण डी कॉर्डला एकाच पडद्यात तीन बोटं दाटीवाटीनं बसवावी लागतात, आणि माझी ताठ करंगळी मध्येच शेजारच्या तारेला टेकायची. थड्. पुन्हा थड्. मग एका मित्राचं टेनर वाजवून बघितलं, तिथे उलटी पंचाईत. जागा भरपूर, पण करंगळीला लांब जाऊन दाबायचं असेल तर ती पोचेना. शिवाय टेनरचा आवाज गिटारकडे झुकतो. छानच असतो तो, पण मला सोप्रानोचा तो टणक, उडता आवाज हवा होता.

दोघांच्या मधलं काहीतरी असतं का, असं मी एका क्लासमध्ये विचारलं. तिथल्या सरांनी सांगितलं की 'लाँग नेक सोप्रानो' नावाचा प्रकार असतो, म्हणजे पोट सोप्रानोचं आणि मान कॉन्सर्टची. पण लगेच पुढे म्हणाले, "ते घेऊ नकोस. खरं युकुलेले म्हणजे छोटं सोप्रानोच. लांब मान म्हणजे तडजोड."

हे 'खरं' माझ्या डोक्यात अडकलं. कोडमध्ये कोणी "हे असंच असायला हवं" म्हणालं की मी आधी त्या ओळीची हिस्ट्री उघडून बघतो, कोणी लिहिली, कधी, का. इथेही तेच केलं.

चला १८७९ मध्ये. अटलांटिक महासागरात मदैरा नावाचं पोर्तुगीज बेट आहे. तिथली वाइन जगभर जायची. पण १८५० च्या दशकात द्राक्षवेलींवर बुरशी आली, १८७० च्या दशकात मुळं खाणारी कीड आली, आणि लोकांचे हाल झाले. त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला हवाईमध्ये उसाच्या मळ्यांना माणसं हवी होती, कारण १८७५ च्या करारामुळे हवाईची साखर अमेरिकेत बिनशुल्क जाऊ लागली होती. मग करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. आपल्याकडूनही त्याच शतकात कोकणातली मराठी माणसं अशीच करारावर मॉरिशसच्या उसात गेली, तशीच ही गोष्ट.

'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज मदैराहून निघालं, दक्षिण अमेरिकेच्या टोकाला वळसा घालून चार महिन्यांनी, २३ ऑगस्ट १८७९ ला होनोलुलूला लागलं. आत चारशेहून जास्त माणसं, बायकापोरांसकट. त्यात तीन सुतार होते, फर्निचर बनवणारे: मानुएल नुनेस, ऑगुस्तो दियास आणि जोसे दो एस्पिरितो सांतो. पुढच्या काही दिवसांत होनोलुलूच्या वर्तमानपत्रात बातमी आली की मदैराहून आलेली मंडळी रोज रात्री रस्त्यावर वाजवून लोकांना खूश करतायत.

ते वाजवत होते ती दोन वाद्यं आपल्या कामाची आहेत. एक 'माशेत', छोटंसं चार तारांचं. दुसरं 'राजाँव', जरा मोठं, पाच तारांचं. तिघेही सुतार मळ्यावरची मजुरी संपवून होनोलुलूत आले आणि १८८० च्या दशकात त्यांनी दुकानं टाकली. तिथे हळूहळू जे वाद्य तयार झालं त्याचं अंग माशेतचं होतं, पण तारा लावायची पद्धत माशेतची नव्हती. ती राजाँवची होती. राजाँवच्या पाच तारांतली एक काढली की उरतात जी, सी, ई, ए. आज तुमच्या फोनच्या ट्यूनर अॅपमध्ये युकुलेले निवडलं की हेच चार स्वर येतात. लाकूड मात्र स्थानिक वापरलं, हवाईचं कोआ.

म्हणजे बघा, 'खरं छोटं युकुलेले' जन्मतःच जोडकाम आहे. एकाचं पोट, दुसऱ्याचं ट्यूनिंग, तिसरीकडचं लाकूड. इथे मला सरांना फोन करावासा वाटला होता. केला नाही.

त्या ट्यूनिंगबद्दल एक गंमत सांगतो, कारण ती पुढे लागणार आहे. गिटारच्या तारा वरून खाली येताना शिडीसारख्या एकेक पायरी चढत जातात. युकुलेलेत वरची पहिली जी तार उंच आहे, मग सी एकदम खाली, मग पुन्हा चढण. तानपुऱ्याची आठवण करा. प, सा, सा आणि शेवटी एकदम खर्जातला सा. तिथेही क्रम शिडीचा नसतो, आणि त्यातूनच ती फिरती झुळूक तयार होते. युकुलेलेत कॉर्ड छेडली की सगळे स्वर एका छोट्या मुठीत सापडल्यासारखे जवळजवळ वाजतात. (इथे उंच जी आणि खालची जी, दोन्ही लावून वाजवलं.)

हवाईचा राजा कालाकौआ याला हे वाद्य आवडलं. १८८६ मध्ये त्याच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या सोहळ्यात हुला नाचासोबत ते वाजलं. मजुरांच्या गल्लीतून सात वर्षांत थेट दरबारात! नावाचा अर्थ बहुतेक जण 'उडी मारणारी पिसू' असा लावतात, 'उकु' म्हणजे पिसू आणि 'लेले' म्हणजे उडी. राजाची बहीण लिलिउओकलानी हिला मात्र 'इथे आलेली भेट' हा अर्थ पसंत होता. हीच लिलिउओकलानी पुढे राणी झाली, १८९३ मध्ये तिला गादीवरून खाली खेचलं आणि १८९८ मध्ये अमेरिकेनं हवाई गिळली. पाहुणी म्हणून आलेली वस्तू तिला भेट वाटली, आणि तिचं स्वतःचं घर मात्र दुसऱ्याच पाहुण्यांनी घेतलं. हे वाचल्यापासून मला 'पिसू' हा अर्थ सांगताना जरा अवघडल्यासारखं होतं.

१९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पनामा कालव्याच्या निमित्तानं मोठं प्रदर्शन भरलं. हवाईच्या मंडपात युकुलेले वाजत होतं, आणि अमेरिकेला त्याचं वेड लागलं. मुख्य भूमीवरचे कारखाने धडाधड युकुलेले काढू लागले, काहींनी तर वर हवाईचं नाव छापलं. मग होनोलुलूच्या कारागिरांना अस्सल माल ओळखू यावा म्हणून स्वतःचा शिक्का काढावा लागला. 'खरं' हा शब्द इथे आला, आणि तो मानेच्या लांबीसाठी नव्हता, पोटापाण्यासाठी होता.

गिटारवाल्या मार्टिन कंपनीनंही या वेडात उडी घेतली. आता वाद्य रस्त्यावरून नाटकगृहात गेलं होतं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जायला हवा, म्हणून १९२० च्या दशकात मोठी पोटं आली, आधी कॉन्सर्ट, मग दशक संपता संपता टेनर. पोट वाढलं तशी मानही वाढली. बॅरिटोन त्याही नंतर, १९४० च्या दशकात. म्हणजे आज दुकानात जे चार साइज 'परंपरेनं आलेले' म्हणून दाखवतात त्यातले तीन एकेका जमान्याच्या गरजेतून आलेले आहेत.

आणि आता आजच्या भागाचा गाभा. १९२० च्या दशकात अमेरिकेत छापलेली गाण्यांची पुस्तकं उघडली तर बऱ्याचदा युकुलेलेचं ट्यूनिंग जी-सी-ई-ए नसतं. ए, डी, एफ शार्प, बी असतं. सगळं एक स्वर वर. तुमचं-आमचं छोटं सोप्रानो घ्या आणि चारही तारा एक स्वर वर चढवून बघा. (चढवून वाजवलं. ऐका, एकदम जाग आल्यासारखं वाटतं.) तारा ताठ होतात, बोटाखाली लिबलिबत नाहीत, आणि छोट्या पोटाला तो चढा आवाज जास्त मानवतो.

थोडं गणित, घाबरू नका. तारेचा ताण हा लांबीच्या वर्गानं आणि कंपनसंख्येच्या वर्गानं वाढतो. एक स्वर वर गेलं की कंपनसंख्या साधारण १२ टक्के वाढते, म्हणजे ताण साधारण २६ टक्के. आता दुसरीकडे बघा. सोप्रानोची वाजती तार साधारण ३४५ मिलिमीटर असते, कॉन्सर्टची साधारण ३८०. फरक ३५ मिलिमीटर. ट्यूनिंग तेच, तार तीच, फक्त लांबी वाढवली तर ताण वाढतो साधारण २१ टक्के.

लक्षात आलं का? १९२० च्या दशकातले वादक पेग पिळून जो ताठपणा मिळवायचे, लाँग नेक सोप्रानो जवळजवळ तोच ताठपणा लांबीतून देतं. आणि आजच्या जी-सी-ई-ए मध्येच देतं, म्हणजे यूट्यूबवरच्या कॉर्ड तशाच चालतात, मित्रासोबत वाजवताना "थांब, तू कुठल्या सुरात आहेस?" हा घोळ नाही. म्हणून मला 'तडजोड' हा शब्द पटत नाही. हा जुन्याच आवाजाकडे दुसऱ्या रस्त्यानं जाणं आहे.

करंगळीचा हिशोब पण करून टाकू. पहिल्या पडद्याची जागा सोप्रानोवर १९.४ मिलिमीटर, लाँग नेकवर २१.३. दुसऱ्या पडद्यात, जिथे डी कॉर्डची गर्दी होते, तिथे १८.३ विरुद्ध २०.१. दोन मिलिमीटरही नाही. मी आधी हसलोच होतो. पण तीन बोटं शेजारी शेजारी बसवताना दोन मिलिमीटर म्हणजे मोबाइलच्या कीबोर्डवर चुकीचं अक्षर दाबणं आणि न दाबणं एवढा फरक आहे. टेनरवर तोच पहिला पडदा २४ च्या वर जातो, तिथे माझं बोट पोचत नाही हे आधी सांगितलंच.

आता मान लांब झाली तर पोटावर काय होतं? काहीच नाही, आणि हीच खरी युक्ती. ब्रिज, म्हणजे आपल्या सतारीच्या भाषेत घोडी, आहे तिथेच राहते. साध्या सोप्रानोत मान पोटाला १२ व्या पडद्याशी जुळते. मी वहीत मांडून बघितलं, घोडी न हलवता मान कॉन्सर्टच्या मापाची केली तर जोड जवळपास १४ व्या पडद्यापाशी येतो. म्हणजे वरचे दोन पडदे पोटावरून सुटून मोकळ्या मानेवर आले, बोटं तिथेही नीट जातात. पोटाचा आकार तोच, घोडीची जागा तीच, म्हणून आवाजाची जात तीच राहते: चटकन उठणारा आणि चटकन विरणारा.

तरी दोन्ही शेजारी ठेवून ऐकलं की फरक जाणवतो. (आधी सोप्रानो, मग लाँग नेक, एकच चाल दोनदा.) माझ्या कानाला लाँग नेकवर सी तार जास्त भरीव लागते. छोट्यावर ती जरा पोकळ वाटते. एकेक स्वर किंचित जास्त टिकतो. आणि सुरेलपणा! ढिली तार जोरात दाबली की ती ताणली जाऊन सूर चढतो, नवख्या हातात सोप्रानो बेसूर वाटतं त्याचं एक मोठं कारण हेच. लांब, ताठ तारेवर तीच चूक कमी ऐकू येते. बदल्यात काय जातं? झपाझप स्ट्रमिंग करताना छोट्या सोप्रानोवर जी खरखरीत, खट्याळ ठसक येते, ती लाँग नेकवर जराशी शिस्तीत येते. ज्यांना ती बेशिस्तच हवी त्यांनी छोटंच घ्यावं, मी भांडणार नाही.

ही कल्पना कुठल्या गॅरेजमधली हौस नाही. १९१६ पासून चालत आलेली हवाईची कामाका कंपनी लाँग नेक सोप्रानो बनवते, कोअलोहासुद्धा. तिथलेच कारागीर ते करतायत म्हटल्यावर 'खरं-खोटं' मी बंद केलं. त्यांच्या किमती बघून ब्राउझरची टॅबही बंद केली, तो भाग वेगळा.

मधली साठ-सत्तर वर्षं मी पळवतोय. १९४९ मध्ये मारिओ मकाफेरी यानं प्लॅस्टिकचं स्वस्त युकुलेले काढलं आणि ते प्रचंड खपलं, टीव्हीवर आर्थर गॉडफ्री वाजवायचा, मग गिटारच्या लाटेत सगळं मागे पडलं. १९९३ मध्ये इस्राएल कामाकाविवोओले याचा 'फेसिंग फ्यूचर' अल्बम आला, २००६ च्या सुमारास जेक शिमाबुकुरोचा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला व्हिडिओ पसरला, आणि ते वेड पुन्हा परतलं. आपल्या हातात आज जी युकुलेले आहेत ती याच दुसऱ्या लाटेतली.

आता घ्यायचं असेल तर. "लाँग नेक आहे का?" असं विचारलंत तर दुकानदार काका कॉन्सर्ट काढून देतील, कारण त्याची मान लांबच दिसते. नावांचा गोंधळ मोठा आहे. कोणी 'सुपर सोप्रानो' म्हणतं, कोणी 'कॉन्सर्ट नेक सोप्रानो'. वर 'लाँग नेक कॉन्सर्ट' हा वेगळाच प्रकार, त्यात पोट कॉन्सर्टचं आणि मान टेनरची. म्हणून नावावर जाऊ नका, टेप न्या. नटपासून घोडीच्या हाडापर्यंत मोजा, ३८० च्या आसपास हवं, आणि पोट मात्र शेजारच्या सोप्रानोएवढंच. काका विचित्र नजरेनं बघतील, बघू द्या. मग फोनवर ट्यूनर लावून मोकळी तार वाजवा आणि तीच तार १२ व्या पडद्यावर दाबून वाजवा. दोन्हीकडे स्वराचं नाव एकच आणि काटा मध्येच यायला हवा. घरंगळला तर दिसायला कितीही सुंदर असो, ठेवून द्या. लांबीचा सगळा फायदा तिथेच वाया जातो.

एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती: तोल. पोट हलकं, मान लांब, आणि टोकाला गिटारसारखे दातेरी जड पेग असले की डोकं खाली झुकतं. मग डावा हात वाजवण्याऐवजी मान तोलत बसतो, आणि माझ्यासारख्या बोटाला ते महाग पडतं. दुकानात उभं राहून, डावा हात सोडून बघा. पडत असेल तर हलके पेगवाला शोधा नाहीतर पट्टा लावा. मी पट्टा लावला. तारा कॉन्सर्टच्या घेतल्या, त्या फार करकचून वाटल्या, मग जरा बारीक जाडीच्या लावल्या आणि जमलं.

माझं वाद्य वापरलेलं आहे, लॅमिनेट लाकडाचं, मागे एक ओरखडा. रूममेट त्याला 'जिराफ' म्हणतो. रविवारी घरी नेलं तेव्हा आजीनं हातात घेऊन उलटंपालटं केलं, म्हणाली, "एवढीशी पेटी आणि केवढी मान रे ही." मी डी वाजवला. करंगळी हवेत ताठ, पण तार मोकळी. पुन्हा जी, मग ए, मग डी. आजीनं पलंगाच्या कडेवर बोटांनी ठेका धरला, आणि तोही जरा जलदच, त्यामुळे मला पळावं लागलं.

(शेवटची दोन मिनिटं तेच रेकॉर्डिंग आहे. मागे कुकरची शिट्टी ऐकू येते, ती काढली नाही.)